तारेबाहेरची येळवस

येळवसीच्या दिवशी आमच्या गावात कुत्रं बी सापडत न्हाई. मार्गशीर्षातली अमावस्या ती. सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हंजे खोपी, करायची, आत पाच दगडं चुन्यानं रंगवून मांडायची, त्यायला पांडव म्हनायचं, पूजा करायची, आन् मंग एकमेकाच्या कोपीवर जाऊन आंबील प्यायची, शेंगा-पाल्याची मिळून केलेली भज्जी खायची. दाराला कुलपं बी लावत न्हाईत लोक. चोर बी रानातच गेलेला असतो.

आन् सरकारी साहेबानं सुनावनी नेमकी त्याच दिवशी ठेवली.

मी पंचायतीच्या ओट्यावर एकटी बसले हुते. दोन शेळ्या आन् मी. ह्या साली आमाला जायला रान न्हवतं. राणीसावरगावच्या रस्त्याला लागून जे रान हाय, ज्याला सगळे चिंचेचं रान म्हनतेत, ते माझा बाप कसायचा. त्याच्या आधी त्याचा बाप. सात-बारा काशीनाथकाकाच्या नावावर, नांगर आमचा. पिकलं की अर्धं त्यायचं, अर्धं आमचं. कागद कसलाच न्हाई. बटई तोंडावर चालते आमच्याकडं.

गेली येळवस झाली आन् काकानं ते रान सोलारवाल्याला भाड्यानं देलं. चिंच तोडली. तारंचं कुंपन आलं, लोखंडी खांब आले, त्याच्यावर काचा. काकाला भाडं. काकाच्या पुतन्याला, रामला, गेटवरची नोकरी. आन् आमच्या अण्णाला, माझ्या बापाला, काय? अण्णा पिशवी घेऊन चाकनकडं गेला. तिथं एका कंपनीच्या गेटवर उभा ऱ्हातो. गेट दोन्हीकडं हायेतच, पर ज्याचं रान त्याच्याच गेटवर दुसरा उभा.

हे असं बोलले की माय म्हनती, "जीभ लय चालती तुही. मनूनच शाळा सुटली."

शाळा जिभेनं न्हाई सुटली. सर माझ्या मैत्रिनीला जातीवरून बोलला, मी डस्टर फेकून मारलं. त्याला लागलं बी न्हाई नीट. जाऊ दे.

परभनीच्या सुनेत्राताई वकील हायेत. दिवाळीच्या आधी त्या आमच्या घरी येऊन गेल्या. मी चहा केला, त्या खाली बसून बोलल्या. म्हनल्या, "हे बघ शिवकन्या, कोळसा कमी करून उन्हावर वीज करायची, हे चांगलंच आहे. पाऊस कसा बिघडलाय ते तुम्हीच बघताय. पण असा बदल करताना कुणाचं पोट तुटू नये, हे कायद्यात लिहिलेलं असलं पाहिजे. तसा हवामानाचा कायदा यावा म्हणून आम्ही भांडतोय. तो येईल तेव्हा येईल. पण तुमच्या या सोलारच्या करारात एक अट आम्ही घालून घेतलीय. ज्याचं पोट त्या जमिनीवर होतं, त्याला तिथल्या कामावर पहिला हक्क."

मी म्हनलं, "पोट कुनाचं हुतं, हे कुठं लिवलेलं असतं?"

ताई म्हनल्या, "तीच अडचण आहे. काशीनाथरावांनी लिहून दिलंय की जमीन तेच कसत होते."

मनून ही सुनावनी. साहेब गावात येनार, लोकायला इचारनार, एकदाच. अण्णाचं नाव लागलं तर अण्णा घरी. न्हाई लागलं तर अण्णा चाकनलाच. माय काय बोलायची न्हाई ह्याच्यावर. पर रोज भाकरी थापताना एक जास्तीची थापायची आन् मंग ती बाजूला ठेवून तिच्याकडं बघत बसायची. मला ते बघवत न्हवतं. मी ती भाकरी मुद्दाम शेळीला घालायचे.

जीप आली. आतून साहेब उतरला. तरना हुता, कोकनाकडचा असावा, बोलायचा नाकातून. मागून सुनेत्राताई.

साहेबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "गाव कुठं गेलं?"

"रानात."

"आज?"

"आजच."

"काय आहे आज?"

"येळवस."

"म्हणजे?"

माझं डोस्कं फिरलं. "म्हंजे तुमी दिवाळीच्या दिवशी सुनावनी ठेवली असती का, साहेब?"

ताईनं माझ्याकडं डोळे मोठे केले. साहेब मात्र चिडला न्हाई. कान खाजवला त्यानं. "तारीख वरून आली. मला खरंच माहीत नव्हतं. पण कुणी हजर नाही, असं लिहून मला परत जावं लागेल."

"हजर हायेत की. हितं न्हाईत एवढंच."

ताई म्हनल्या, "साहेब, चला ना रानात. मला पण काल संध्याकाळी कळवलंत तुम्ही, नाहीतर मीच सांगितलं असतं."

जीप पांदीत जाईना. चाकोऱ्या एवढ्या खोल की खालून खरडायली. मंग आमी पायी निघालो. म्होरं शेळ्या, मागं मी, मागं ताई, आन् सगळ्यात मागं साहेब, बूट काळ्या मातीत जपून टाकत. दोन्ही अंगाला ज्वारी पोटऱ्यात आलेली. जागोजागी कोपी, मानसं, भोंग्यावरची गानी, धूर. साहेब बघतच चालला हुता. एका पोरानं त्याच्या हातात तिळाची पोळी देली आन् पळून गेलं. त्याला ती खावी का धरावी कळंना.

चिंचेच्या रानाजवळ आलो तर मला आधी मायच दिसली.

मी मायला घरी सोडून आले हुते. म्हनली हुती, मी काय कुठं जायची न्हाई, डोकं दुखायलंय. आन् ही बाई सगळा सैपाक टोपल्यात घालून, आंबिलीचं मडकं काखंत घेऊन, एकटी रानात आलेली. तारेच्या बाहेर, बांधावर. कडब्याच्या चार पेंढ्या कुठून तरी मागून आनलेल्या, त्या तारंला टेकवून अर्धी कोप केलेली. अर्धीच. दुसऱ्या अंगाला काचा. कोपीत पांडव न्हवते. ते आत हुते, जिथं चिंच हुती तिथं, काचंच्या खाली. माय तारंतून तिकडं तोंड करून बसली हुती.

गेटवरून राम बोलायला, "मावशी, तारंला कडबा नका ना टेकवू. कॅमेऱ्यात दिसतंय. मह्या नोकरीचा कडबा होईल."

"तुही नोकरी?" मी म्हनलं. "कुनाच्या बापाची ती?"

"आली का तू. मला वाटलंच वारं कामून सुटलं."

राम माझ्याच वर्गात हुता. वाईट न्हाई तो. तेच जास्त राग आननारं हाय.

साहेबानं कोपीकडं बघितलं, मायकडं बघितलं. मायनं पदर सावरला. "या, बसा. घोंगडी हाय बगा तिथं." जसं काय तिच्या घरी पाव्हना आला.

साहेब बसला. ताई बसल्या. आन् मंग लोक येऊ लागले.

कुनी बोलावलं न्हवतं. खरंच न्हवतं. नागनाथमामा पैला आला, वरच्या रानातून, धोतराचा सोगा हातात. त्याच्या मागं गीताबाई आन् तिच्या सुना. मंग नाल्यापल्याडची मानसं. दर साली ज्या टायमाला आमच्या कोपीवर यायचे, त्याच टायमाला त्यायचे पाय इकडं वळले. तार आली, चिंच गेली, पर पायायला कुनी सांगितलंच न्हाई वाटतं.

"सुमनबाई, आंबील हाय का संपली?" मामा मायला.

"तुमी आल्याबिगर संपती का?"

"आल्यावर संपती. ह्यो म्हातारा मडकं पुसून पितो." गीताबाई म्हनली. हसले सगळे. वाटोळं करून बसले. वाट्या समोर ठेवल्या.

साहेबानं पेन काढला. "काका, एक विचारू? ही जमीन यांची नाही. मग तुम्ही यांच्याकडे कसे काय आलात?"

मामानं त्याच्याकडं असं बघितलं, की ह्याला कोनी शिकवलंय का न्हाई. "जमीन कुनाची ते आमी कशाला बगावं, साहेब? कोप कुनाची ते बगायचं."

"म्हणजे?"

"म्हंजे रान जो कसतो, कोप त्याची. पांडव त्यानं मांडायचे. मालक असू द्या न्हाईतर मालकाचा बाप, त्यानं कोप करायची ती सोता कसलेल्या रानात. चिंचेच्या रानात कोप परमेश्वरची, ह्या पोरीच्या बापाची. त्याच्या आधी त्याच्या बापाची. आमी त्यायचीच आंबील प्यालो जलमभर."

सुनेत्राताईचा हात गुडघ्यावर तसाच थांबला. "काका, हे परत एकदा सांगता का? साहेबांना लिहून घेऊ द्या."

"त्यात लिवन्यासारखं काय हाय?" मामा म्हनला. "शेंबड्या पोराला मालूम हाय."

साहेबानं लिवलं. गीताबाईनं बी सांगितलं, तिच्या सुनंनं बी. मला वाटलं झालं, जमलं. पर साहेब म्हनला, "हे सगळं ठीक आहे. पण मालकांनी लेखी दिलंय. त्यांनीच नाही म्हटलं, तर वर हे टिकणार नाही. ते कुठेत?"

सगळ्यायनी नाल्यापल्याड बघितलं. काकाची कोप तिथं हुती, त्यायच्या राह्यलेल्या रानात. धूर दिसायलता.

तव्हा माझ्या ध्यानात आलं. वाट्या रिकाम्याच हायेत. मायनं मडक्याचं फडकं सोडलंच न्हाई.

बटईच्या कोपीची एक रीत हाय आमच्याकडं. पैली आंबील मालकाची. तो येतो, पाव्हन्यासारखा बसतो, त्याला पैली वाटी, मंग बाकीच्यायला. त्यानं पिल्याबिगर मडकं उघडत न्हाई. आन् लोक गुमान बसलेले, रिकाम्या वाट्या घेऊन. साहेब बी घड्याळ बघत बसलेला.

"माय, वाढ की," मी म्हनलं.

"येऊ दे त्यायला."

"त्या मानसासाठी? त्यानंच तर आपलं—"

"शिवे, गप बस. रीत त्याच्यासाठी न्हाई. रानासाठी हाय."

"रान हाय का पर? बग तिकडं! काच हाय ती!"

माय मडक्याच्या तोंडावर हात ठेवून बसली, जसं काय आत लेकरू झोपलंय. मला रडू यायलं आन् मला रडू आलं की मी पळते. पळाले. नाला उतरले, चढले, काट्यानं पाय फाटला, काकाच्या कोपीवर जाऊन उभी ऱ्हायले.

काशीनाथकाका ताटावर बसले हुते. ताटात सगळं हुतं, हात कोरडा. काकू आत काही तरी करायली.

"काका, माय थांबलीय."

"मी कशाला? ते रान आता माझं बी न्हाई. कंपनीचं हाय तीस सालापुरतं."

"मंग गाव कामून उपाशी बसलंय तिथं?"

काकानं मान वर केली. "सगळे आलेत?"

"सगळे."

"साहेब?"

"तो बी."

काकानं ताट जरा बाजूला सरकवलं. आवाज बारीक केला. "तुला काय ठावं पोरी. मह्या बापानं मरताना मला जवळ घेऊन एकच गोष्ट सांगितली. बटईवाल्याचं नाव कागदावर चढू देऊ नको. कूळ लागतं. त्यायच्या टायमाला कायद्यानं कितीकायच्या जमिनी कुळायला गेल्या. ती भीती हाडात बसलेली हाय. मला परमेश्वरचं वाईट करायचं न्हवतं. मी निस्तं त्याचं नाव घेतलं न्हाई."

मला लय बोलायचं हुतं. सगळं तोंडाशी आलं हुतं. पर त्यो कोरडा हात बघून कसंतरीच झालं. मी एवढंच म्हनलं, "मंग नका येऊ. माय मडकं हाय तसं परत नेईल घरी. लोक बगायलेत."

आन् वळले. मागं बघितलं न्हाई. नाल्यात उतरले तेव्हा मागून चपला वाजल्या. करकर करनाऱ्या, काकाच्याच. मी चाल कमी केली न्हाई. जास्त बी केली न्हाई.

काका आले तसे लोक सरकले, जागा झाली. माय उठली, पायावर पानी घातलं त्यायच्या. फडकं सोडलं. आंबिलीचा आंबूस वास सुटला, लसनाचा, जिऱ्याचा. पैली वाटी काकाला.

काकानं वाटी दोन्ही हातानं धरली. प्याले न्हाईत लगेच. साहेबाकडं बघून म्हनले, "इचारा."

साहेब जरा गडबडला. "तुम्ही दर वर्षी इथं येता?"

"मव्हं लगीन झालं तव्हापासून."

"कोण म्हणून येता?"

"पाव्हना मनून."

"तुमच्याच रानात?"

काकानं वाटीत बघितलं. "कसायचा परमेश्वर. त्याच्या आधी त्याचा बाप. मी निस्तं वाटा न्यायचो. हे लिवून घ्या. आन्..." मंग साहेबाकडं वाकून म्हनले, "कूळ लागू नाही एवढं बगा साहेब."

ताई पुढं झाल्या. "कूळ नाही, काका. जमीन तुमचीच आहे, तिला कुणी हात लावत नाही. त्यांना फक्त काम. यासाठीच तर आम्ही म्हणतोय, नवीन कायदा नीट लिहा. जुन्याची भीती नव्यात यायला नको."

काकानं डोळे मिटून वाटी तोंडाला लावली. प्याले. मंग मायनं सगळ्यायला वाढलं. एवढा येळ दाबून धरलेला गलका एकदम सुटला. मामा म्हनला, "आरं बापरे, साहेबामुळं आंबील जास्तच आंबली." साहेबानं बी प्याली. डोळ्यात पानी आलं त्याच्या, तिखटानं. म्हनला, "अजून थोडी मिळेल?"

राम गेटवरून ओरडला, "काका, तुमी सांगितलं ते ठीक, मव्हं काय आता?"

"तू ये हिकडं आन् भज्जी खा," माय म्हनली. "गेट कुनी उचलून नेत न्हाई."

साहेबानं जाताना मला सांगितलं, नाव लागलं. वर जाईल, तिकडून पत्र येईल. काम बहुतेक काचा धुवायचं. धूळ बसली की वीज कमी पडते. कधीपासून, ते त्याला बी सांगता येईना.

मी अण्णाला फोन लावला. तिकडून टरकांचा आवाज.

"अण्णा, नाव लागलं तुमचं. काकानं सोता सांगितलं."

एक टरक भोंगा वाजवत गेला. मला वाटलं फोन कटला.

"अण्णा?"

"ऐकायलोय. काम काय?"

"काचा धुवायच्या."

"काचा," अण्णा म्हनला. मंग इचारलं, "पांडव जाग्यावर हायेत का?"

मी रामकडं बघितलं. रामनं आधी कॅमेऱ्याकडं, मंग मायकडं बघितलं, आन् गेटचं कुलूप काढलं. "एकानंच जायचं. आन् लवकर." मायनं चुन्याचा डब्बा माझ्या हातात देला. सोता न्हाई गेली. म्हनली, "माझ्यानं बघवायचं न्हाई आतलं."

काचंखाली थंड हुतं. भर उन्हात असं थंड त्या रानात कधीच न्हवतं. दगडं हायेत तिथंच हुती, एक कलंडलेला. गेल्या सालचा चुना अजून हुता त्यायच्यावर, अण्णाच्या बोटाचे वळ दिसायचे त्यात. शेजारी ज्वारीचं एक धाट आपोआप उगवलेलं, सावलीनं पांढरं पडलेलं, दोन काचांच्या फटीकडं मान करून. मी कलंडलेला दगड उभा केला. नवा चुना लावला. अण्णाचे वळ हुते तेवढी जागा सोडून लावला.

"हायेत," मी फोनवर म्हनलं. "पाची हायेत."

"फेरी कोन घालनार?"

रानाभवती आंबील शिंपडत फिरायचं, 'ओलगे, ओलगे' ओरडत. दर साली अण्णाच घालायचा. गड्याचं काम म्हनतेत ते. मामा उठायला लागला. मी म्हनलं, "बसा तुमी. मी घालते."

तांब्यात आंबील घेतली, कडूलिंबाची डाहाळी घेतली. तारंच्या बाहेरून निघाले. पैली हाक मला मारताच आली न्हाई. फोन चालूच हुता, मी त्याचा आवाज मोठा केला आन् डाव्या हातात वर धरला.

तिकडून अण्णानं हाक घातली. कंपनीच्या गेटवर, टरकांच्या गलक्यात उभा ऱ्हाऊन, आमच्या रानात घालायचा तशी. लांब. कोनी तरी तिकडं त्याला "क्या हुआ?" म्हनलं. अण्णानं दुसरी हाक घातली.

मी शिंपडत चालले. तारंवर थेंब पडायचे, काही आत जायचे, काही बाहेरच ऱ्हायचे. रेंज तुटली की हाक अर्धी ऱ्हायची, मंग अर्धी मी पुरी करायचे. मागं बघितलं तर माय कोपीत उभी हुती, पदर तोंडाला लावून. तिला हाक ऐकू येत असावी.

"किती झालं?" अण्णानं इचारलं.

"नाल्याकडचा कोपरा राह्यलाय."

"तिथं जरा जास्त शिंपड. तिथली ज्वारी दर साली बारीक ऱ्हाती."

मी कोपऱ्यावर थांबले. समोर काचा, काचंत आभाळ, एक घार फिरायलेली. मी तांब्या वाकडा केला आन् उरलेली सगळी आंबील तिथं वतली.

"शिंपडली," मी म्हनलं. "लय शिंपडली, अण्णा."